कव्हरावरच्या सुंदराबाई

वैदेहीबाईंनी सुंदराबाईंना पहिल्यांदा पाहिलं ते कागदावर. २००१ सालची दिवाळी जवळ आली होती. शाळेतून निवृत्त होऊन वैदेहीबाईंना तीन वर्षं झाली होती आणि दुपारच्या वेळी त्या डोळ्यांची शिबिरं भरवणाऱ्या एका संस्थेच्या कचेरीत जाऊन बसत. संस्थेचं नाव लांबलचक होतं. ओंजळीत धरलेली पणती हे तिचं बोधचिन्ह, म्हणून रत्नागिरीत सगळे तिला पणतीवाली संस्था म्हणत. त्या दिवशी संस्थेचा चिटणीस यज्ञेश याने टेबलावर चारपाच फोटो पसरले होते. येत्या वर्षाच्या कॅलेंडरासाठी त्यातला एक निवडायचा होता.

निवड करावीच लागली नाही. सावर्ड्याच्या शिबिरात काढलेला एका म्हाताऱ्या बाईचा फोटो सगळ्यांनी एकदमच उचलला. दाराच्या चौकटीला धरून उभी असलेली बाई, अंगावर विटकं लुगडं, आणि दोन्ही बुबुळांवर शहाळ्यातल्या कोवळ्या खोबऱ्यासारखा पांढरा पडदा. दिसत नसलेली माणसं कानोसा घेताना हनुवटी जशी वर करतात, तशी तिने केली होती. "केवढी असहाय दिसते," असं कोणीतरी म्हणालं. वैदेहीबाईंना तसं वाटलं नाही. जन्मभर त्यांनी मुलांचे चेहरे वाचले होते. ते मिटलेले ओठ पाहून त्यांच्या मनात आलं, की बाई रागावलेली आहे. पण त्यांनी ते बोलून दाखवलं नाही. फोटो छापला गेला, त्याखाली ओळ आली, 'यांच्या अंधारात एक पणती लावा', आणि कोपऱ्यात केशरी रंगाची पणती.

कॅलेंडर फार चाललं. तोच फोटो मग दुकानांतल्या दानपेट्यांवर आला, भित्तिपत्रकांवर आला, वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठावर आला. कचेरीत येता-जाता तो चेहरा वैदेहीबाईंच्या इतका नजरेत बसला, की त्या बाईला नाव असेल, घर असेल, हे मनात येईनासं झालं.

दीड वर्षाने, २००३ च्या जूनमध्ये, एक बाई छत्री मिटत कचेरीच्या पायरीवर उभी राहिली. लुगडं स्वच्छ, पदर खोचलेला, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा.

"पणतीवाल्यांची कचेरी हीच ना?"

"हीच. या, बसा," वैदेहीबाई म्हणाल्या. "पण शिबिराची तारीख अजून ठरली नाही हं, आजी."

"शिबिर नको. माजे डोळे झालेत. तुमीच केलेत." बाईंनी पिशवीतून चौथीचं एक पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. पुस्तकाला कॅलेंडरच्या कागदाचं कव्हर होतं. "ही कोन ती ओळखलीत?"

"ही होय? ही आमच्या कॅलेंडरावरची."

"मीच ती."

वैदेहीबाईंनी पुस्तकाकडे पाहिलं, मग समोर पाहिलं. वीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी बाजारात भेटला तरी त्या त्याला नावाने हाक मारत. आणि हा रोज पाहिलेला चेहरा समोर येऊन बसला तर त्यांना ओळखू आला नव्हता. ओठ मात्र तसेच होते, मिटलेले.

सुंदराबाईंची हकिगत मग हळूहळू कळली. भाट्याच्या खाडीपलीकडे, पुढच्या एका वाडीत त्यांचं घर. मुलगा प्रज्ञेश मुंबईला एका कंपनीत होता, ती कंपनी बंद पडली. नात श्रुती आजीजवळ राहून सातवीत शिकत होती. त्या वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळांतून मुलांना दुपारची खिचडी शिजवून द्यायला सुरुवात झाली आणि वाडीतल्या शाळेत ते काम सुंदराबाईंना मिळालं. मुंबईहून काही येईनासं झाल्यावर घर त्या कामावरच उभं होतं.

"आता पोरांच्या आया म्हनतात, आंधळीच्या हातचं नको. तांदळाबरोबर पाल शिजवील म्हनतात. रविवारी गुरुजींनी सभा बोलावली हाय. त्यात माजं काम ठेवायचं का काढायचं ते ठरनार."

"पण तुम्हाला दिसतं हे त्यांना माहीत नाही का?"

सुंदराबाई जराशा हसल्या. "रोज वाटेत भेटतात. सुंदराबाय, चष्मा नवा काय गं, म्हनून विचारतात. माहीत नाय कसं?"

"मग?"

"मग काय? पुस्तकावर छापलंय ना."

वैदेहीबाईंनी चहा मागवला. चहा पिता पिता सुंदराबाईंनी फोटोची गोष्ट सांगितली. फोटो काढायचा म्हणून त्या ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून शिबिराला गेल्या होत्या. फोटो काढणाऱ्याने ते बदलायला लावलं. हातातली काकणंही उतरवून ठेवायला सांगितलं. "मी म्हटलं, आंधळी असले म्हनून काय झालं, मला ठाऊक हाय मी काय नेसलेय ते. तर म्हनतो, आजी, जुनंच बरं दिसतं." त्यांनी कप खाली ठेवला. "फोटो काढा म्हटलं होतं मी. नाय नाय म्हनत. पन एवढा काढा म्हटलं नव्हतं. आता सगळीकडून काढून घ्या तो."

"घेऊ," वैदेहीबाई म्हणाल्या. कसा घेणार, हे त्यांना त्या क्षणी ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी यज्ञेश आला. त्याचं औषधांचं दुकान होतं; दिवसभर तिथे उभं राहून मग तो दोन तास संस्थेला द्यायचा. माणूस मनाचा वाईट नव्हता, फक्त नेहमी दमलेला असायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि डोळे चोळले.

"बाई, ह्या फोटोने जेवढी शिबिरं झाली तेवढी आणखी कशाने झाली नाहीत."

"ऑपरेशन झाल्यावरचा फोटो असेल ना त्यांचा?"

"आहे की. हसरा आहे. सावर्ड्याला लावून पाहिला. लोक म्हणाले, छान दिसतायत आजी, आणि पुढे गेले."

मग त्याने खणातून एक कागद काढला. संस्थेचं बोधचिन्ह कसं वापरावं याचे नियम त्याने मागच्याच वर्षी स्वतः बसून केले होते. पणती केशरीच असावी. ओंजळ ताणू नये, दाबू नये. भोवती एका बोटाची जागा मोकळी सोडावी. दुसऱ्या कोणाच्या जाहिरातीत ती घालू नये. वैदेहीबाईंनी कागद दोनदा वाचला. वळणदार अक्षर, एकही चूक नाही.

"यज्ञेश, पणतीची तू किती काळजी घेतलीस रे. ह्यात माणसाच्या फोटोबद्दल एक ओळ नाही."

कागद परत खणात न टाकता यज्ञेशने तो खिशात घातला, आणि दुसऱ्या दिवशी दुकानावर भावाला बसवून तो बाईंबरोबर बाजारात आला.

दानपेट्यांचं काम सोपं होतं. दुकानदारांना विचारून त्यांनी ओल्या फडक्याने फोटो खरवडून काढले. वैदेहीबाईंच्या नखांत कागदाचा लगदा बसला. पण पुढे मुकुलचं चष्म्याचं दुकान लागलं. दुकानाच्या पाटीवर सुंदराबाई होत्या, हातभर मोठ्या, आणि शेजारी संस्थेची पणती. पणती हिरवी होती आणि पापडासारखी चपटी झालेली होती. यज्ञेश ती पाहून घायाळच झाला.

"अरे मुकुल, हिरवी पणती कुठे असते का?"

"पेंटरकडे केशरी संपला होता. करतो ना केशरी."

"आणि मुळात तू ती लावलीस कशी? तुझं दुकान आहे, संस्था नाही."

"मी शिबिराला चष्मे स्वस्तात देतो, विसरलास काय?"

"आणि चेहरा?" वैदेहीबाईंनी विचारलं.

"चेहरा?" मुकुल खरोखरच गोंधळला. "तो संस्थेचाच ना?"

"तो सुंदराबाईंचा आहे. त्या भाट्याच्या पलीकडे राहतात. त्यांना चांगलं दिसतं."

"मग उलट बरंच की. दिसतं ते आमच्याच चष्म्यामुळे." बाईंचा चेहरा पाहून त्याने आवाज उतरवला. "काढतो हो. पण पावसात रंग धरत नाही, बाई. गणपतीनंतर बघू."

कॅलेंडर जिथे छापलं होतं, त्या आप्पांच्या छापखान्यात त्यांनी फोटोची फिल्म मागितली. आप्पांनी ती पाकिटात नीट जपून ठेवली होती. ती त्यांनी एका तरुण मंडळाला दिली होती, एका स्मरणिकेला दिली होती, आणखी कोणाकोणाला दिली होती ते त्यांना आठवेना.

"चांगल्या कामाला मागतात, नाही कसं म्हणायचं? घ्या, घेऊन जा. पण बाई, कॅलेंडरं गेली. ती काही छापखान्यात परत येत नाहीत."

हे वैदेहीबाईंनाही समजत होतं. वर्ष संपलं म्हणून इकडे कोणी कॅलेंडर टाकून देत नाही. जाड, गुळगुळीत कागद. त्यावर पाणी ठरत नाही. ते गुंडाळून माळ्यावर जातं आणि जूनमध्ये पोरांच्या पुस्तकांना कव्हरं घालायला खाली येतं. कॅलेंडरचाच कागद आणा म्हणून त्यांनी स्वतः किती वर्गांना सांगितलं होतं. हा कागद आता वाडीवाडीतल्या दप्तरांत होता आणि सुंदराबाई ज्या पोरांना खिचडी वाढत होत्या, त्यांच्याच मांडीवर त्या आंधळ्या होऊन पडल्या होत्या.

घरी आल्यावर बाईंचे पाय भरून आले होते. त्यांनी गरम पाण्यात पाय सोडले आणि बसल्या बसल्या ठरवलं, की सगळ्या जिल्ह्यातले कागद काही आपल्याच्याने गोळा होणार नाहीत. एका शाळेतले होतील.

शनिवारी सकाळची शाळा असते. बाई खाकी कागदाचं भेंडोळं, कातर आणि चिक्कीचा एक पुडा घेऊन वाडीत गेल्या. मुख्याध्यापक गुरवगुरुजी त्यांना ओळखत होते. भिडस्त माणूस. सभेच्या धास्तीने त्यांची झोप उडाली होती. "तुम्हाला योग्य वाटेल ते करा, बाई," ते म्हणाले, आणि हजेरीत डोकं घालून बसले.

"ज्यांच्या पुस्तकावर ह्या आजी आहेत त्यांनी पुस्तकं घेऊन पडवीत या," बाईंनी सांगितलं. अर्धी शाळा आली.

पोरांना हे काही पसंत नव्हतं. "बाई, खाकी कागद भिजतो," एक मुलगी म्हणाली. "माझ्या बाबांनी घातलंय, ते रागावतील," दुसरा म्हणाला. बाईंनी चिक्की वाटली आणि काम सुरू झालं. त्या कागद कापून देत होत्या, कोपरे मुडपत होत्या. थोड्या वेळाने चुलीवरचं आधण उतरवून सुंदराबाईही येऊन बसल्या. त्यांनी एकदा बाईंचा हात पाहिला आणि दुसऱ्या पुस्तकापासून स्वतः घड्या घालायला लागल्या.

मुलं एकदा कागदाकडे बघत, एकदा त्यांच्याकडे.

"आजी, ह्या तुम्ही?"

"व्हय. पयली मी."

"मग तेव्हा तुम्हाला खरंच काय दिसत नव्हतं?"

"उजेड दिसायचा. मान्सं नाय दिसायची."

"बरंच होतं की मग," मागून एक पोरगा म्हणाला, आणि सुंदराबाईंनी त्याच्या पाठीत एक हलका धपाटा घातला. "तुझं थोबाड बगायला लागतंय आता, ते नुसकान झालं."

पोरं खूप हसली. वैदेहीबाईही हसल्या. नवी कव्हरं घातलेली पुस्तकं त्यांनी सोमवारपर्यंत वर्गातच ठेवायला लावली. उतरवलेल्या कागदांचा ढीग झाला तेव्हा त्याचं काय करायचं असा प्रश्न पडला. सुंदराबाईंनी दोनचार कागद चुरगळून चुलीत सारले. ते धड पेटेनात, नुसते काळे पडून धुमसत राहिले. "धड जळत पन नाय," असं म्हणून त्यांनी उरलेले सगळे गोणपाटाखाली दाबून ठेवले.

रविवारच्या सभेला पडवी भरली. वैदेहीबाई आणि यज्ञेश खुर्च्यांवर, बाकीचे खाली. सुंदराबाई खांबाला टेकून उभ्या होत्या. प्रज्ञेश मुंबईहून येणार होता, पण आला नव्हता. श्रुती आजीचा पदर धरून होती.

बोलायला रघू उठला. त्याचा मुलगा तिसरीत होता. "आमचं सुंदराबायशी काय भांडण नाय. पन डोळ्यांनी अधू बाई पोरांचं जेवण करते, ह्याला काय म्हणायचं? आणि हे आम्ही नाय म्हणत. ही बसलीय ना संस्था, तीच म्हणते. छापून सांगते."

"तो फोटो ऑपरेशनच्या आधीचा आहे," यज्ञेश म्हणाला. "ऑपरेशन होऊन दोन वर्षं झाली. आता त्यांना व्यवस्थित दिसतं."

"मग दोन वर्षं खोटं छापत होता काय?"

वैदेहीबाई म्हणाल्या, "हो, तो फोटो वापरत राहिलो ते चुकलं. आता तो कुठेही छापणार नाही."

"ते तुमचं तुमी बगा. घरोघर पोरांच्या पुस्तकावर हाय ते काय?" रघूने मुलाला हाक मारली. "जा रे, पुस्तक आण तुजं. दाखव सगळ्यांना."

मुलगा वर्गात गेला आणि पुस्तक घेऊन आला. पुस्तकावर खाकी कागद होता, वर वैदेहीबाईंच्या अक्षरात मुलाचं नाव. रघूने ते उलटं करून पाहिलं. मग दुसऱ्या मुलाचं मागवलं. तेही तसंच. बायकांमध्ये कोणीतरी खुदकन हसलं.

"सुई ओवून दाखवू दे मग," मागून एक आवाज आला.

सगळ्यांचं लक्ष सुंदराबाईंकडे गेलं. त्या खांबापासून हलल्या नाहीत. "ओवीन की. पन उद्या म्हनाल, ताडावरची घागर दाखव. मी हितं भात शिजवायला येते. ज्याला बगायचंय त्याने सकाळी येऊन माज्या बाजूला बसावं, तांदूळ निवडू लागावं. बसायला गोणपाट देईन."

पुस्तक हातात धरून रघू तसाच उभा होता. शेवटी तो म्हणाला, "आमचा जातीचा काही प्रश्न नाय हां. ते कोनी मनात आणू नये."

तोवर जातीचं कोणी नावही काढलं नव्हतं. गुरवगुरुजींनी टोपी काढली, पुन्हा घातली. सबंध सभेत ते पहिल्यांदाच बोलले. "प्रश्न नाही ना? मग झालं तर. डोळ्यांचा प्रश्न होता, तो मिटला. खिचडी उद्यापासून नेहमीप्रमाणे सुंदराबाईच करतील." आणि कोणी आणखी काही म्हणायच्या आत ते उठून उभे राहिले.

परतताना खाडीच्या पुलावर यज्ञेशने स्कूटर थांबवली. खिशातून तो नियमांचा कागद काढून त्याने त्यावर पेनने ओळी वाढवल्या. फोटो कधीचा ते छापावं. ज्याचा फोटो आहे त्याला दर वर्षी विचारावं. तो नको म्हणाला तर काढून टाकावा. "कोण वाचणार आहे म्हणा," तो म्हणाला, आणि त्याने स्कूटरला किक मारली.

झालंही तसंच. मुकुलच्या पाटीवरची पणती गणपतीनंतर केशरी झाली. चेहरा निघायला आणखी एक पावसाळा गेला. पुढे एकदा हेदवीला देवदर्शनाला गेल्या असताना वैदेहीबाईंना एका मंडळाच्या फलकावर सुंदराबाई दिसल्या, तशाच, चौकटीला धरून. त्यांनी मंडळाच्या अध्यक्षाला गाठून सगळं सांगितलं. त्याने पाणी दिलं, मान हलवली. फलक काढला की नाही हे पाहायला पुन्हा तिकडे जाणं त्यांच्याने झालं नाही. गुडघे बोलायला लागले होते.

वाडीतही सगळं निवळलं असं नाही. रघूचा मुलगा आणि आणखी काही घरची मुलं घरून डबा आणत राहिली. आंधळेपणाचं कारण उरलं नाही, तेव्हा आमच्या पोरांना खिचडी आवडत नाही असं कारण निघालं. सुंदराबाईंनी त्यावर कधी शब्द काढला नाही. डबेवाली मुलं ओळीच्या शेवटी बसत. त्यांच्यासमोरही त्या भांडं घेऊन थांबत, मुलाने मान हलवली की पुढे जात. हे रोज चालायचं. काही वर्षांनी रघूची धाकटी मुलगी शाळेत आली. तिने मान हलवली नाही, ताटली पुढे केली. घरी ती काय सांगत असे, कोणाला माहीत नाही.

श्रुती बारावी होऊन रत्नागिरीत नर्सिंगला गेली. प्रज्ञेश बायकोला घेऊन गावी परत आला. आता तो रिक्षा चालवतो, आणि सून शाळेत सासूच्या हाताखाली असते. वैदेहीबाई वर्षातून एकदोनदा वाडीत जातात तेव्हा दोघी पडवीत बसतात. फारसं बोलणं होत नाही. सुंदराबाई त्यांना ताटलीत खिचडी देतात आणि मीठ बरोबर झालंय का, एवढंच विचारतात.

सुंदराबाई अजून त्याच शाळेत भात शिजवतात. मागच्या वर्षी शाळेने गॅस घेतला; त्यांना तो आवडत नाही.